दुसऱ्या दुकानातली गोळी

बस अजून सुटायची होती. पाण्याच्या बाटल्यांची पिशवी वरच्या फळीवर ठेवून तो खाली वाकला आणि नेमकं तेव्हाच त्याला दिसलं, की बायकोने पर्सच्या आतल्या कप्प्यातून गोळ्यांच्या पट्टीचा एक तुकडा काढला, अंगठ्याने दाबून गोळी तळहातावर घेतली आणि पाण्याचा घोटसुद्धा न घेता गिळून टाकली. इतक्या सराईतपणे, की गोळी गिळली म्हणण्यापेक्षा जांभई दिली म्हणावं. पट्टीचा तुकडा पुन्हा कप्प्यात गेला. चेन बंद झाली. तो फळीला धरून तसाच उभा. "तुम्ही मागे बसा ना, मास्तरांजवळ," ती म्हणाली. "ही जागा माझी नि नर्सबाईंची ठरलेली असते." आणि नर्सबाई, गुडघे धरत पायऱ्या चढून आल्याच. त्याला बाजूला व्हावं लागलं. मागून सेक्रेटरींनी शिट्टी फुंकली, "चला, चला, वाट सोडा, मेडिकलवाले!" आणि तो वाट सोडत सोडत मागच्या बाकापर्यंत पोचला.

मेडिकलवाले. दुकान विकून सहा महिने होत आले तरी वस्तीत त्याचं नाव तेच होतं, आणि त्यालाही ते अंगावरच्या जुन्या स्वेटरसारखं बरं वाटायचं. ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या ट्रिपला तो पहिल्यांदाच येत होता. बायको शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाली त्या वर्षीच मंडळात गेली होती, आणि तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी पहाटे उठून, डबा भरून, त्याच्या चहावर बशी झाकून ती कुठे कुठे जाऊन यायची. तो म्हणायचा, दुकान बंद ठेवून कसं चालेल, लोकांची आजारपणं काय रविवार बघतात? ती म्हणायची, बरं. संध्याकाळी ती परत यायची, कधी बागेतून, कधी जुन्या किल्ल्यावरून, आणि तो काउंटरवरून घरी येईपर्यंत झोपलेली असायची. सकाळी तो विचारायचा, "काय, झाली का मजा?" ती म्हणायची, "झाली." एवढ्यावर भागायचं. आता दुकान नव्हतं, तेव्हा सबबही नव्हती. "येता का या वेळी?" असं तिने विचारलं तेव्हा तो हो म्हणाला, आणि हो म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन सरकून गेलं होतं. त्या वेळी त्याने ते आनंदात जमा केलं होतं. आता मागच्या बाकावर, रेक्झिनच्या उबट वासात बसून, त्याला तो हिशेब पुन्हा करावासा वाटला.

कारण ती पट्टी त्याच्या दुकानातली नव्हती. एवढं त्याला लांबूनही कळलं असतं, तो तर हातभर अंतरावर होता. त्याच्या दुकानात पट्टी सरळ कापायची पद्धत होती, दोन गोळ्यांच्या बरोबर मधून. नवीन जोडप्याने दुकान घेतलं तेव्हा त्याने त्यांना तेही शिकवलं होतं. हा तुकडा तिरपा कापलेला होता, कोणीतरी बोलता बोलता कापावा तसा. पट्टीच्या पाठची चांदी कोरी होती; नाव असलेला भाग दुसऱ्या कोणाच्या तुकड्यात गेला असणार. म्हणजे त्याची बायको, मेडिकलवाल्याची बायको, जिच्यासाठी डोकेदुखीच्या गोळीपासून डोळ्यांच्या थेंबांपर्यंत सगळं तो स्वतःच्या हाताने घरी आणत आला, ती कुठल्या तरी दुसऱ्या दुकानाच्या काउंटरसमोर उभी राहिली होती. पर्स उघडून. आपली पाळी येण्याची वाट बघत.

माणूस लांबच्या दुकानात का जातो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? उभं आयुष्य तो हेच बघत आला होता. त्याच्याकडेही दोन दोन वस्त्या ओलांडून लोक यायचे. चष्मा काढून, रुमाल तोंडाशी धरून, काउंटरवर दुसरं गिऱ्हाईक नसेल अशी वेळ साधून. एक बाई यायची, झोपेच्या गोळ्यांसाठी. कागद व्यवस्थित असायचा, डॉक्टरची सही असायची, तरी ती गोळ्या डबीतून काढून साध्या पुडीत बांधून मागायची. एक उंचापुरा माणूस यायचा, हात थरथरायचे. त्याच्या घरी कोणालाही पत्ता नव्हता. काउंटरमागून तो स्वतः कोणालाच काही विचारायचा नाही. दुकानाचा हाच त्याचा नेम होता: विचारायचं नाही, बघायचं नाही, ऐकलं तर विसरायचं. लोक त्याच्यावर विश्वास ठेवायचे ते काही औषधं खरी म्हणून नव्हे, औषधं सगळीकडे खरीच असतात. तो मूग गिळून बसायचा म्हणून. लांबच्या दुकानात माणूस लाजेपोटी जातो नाहीतर भीतीपोटी, असं तो मनाशी म्हणत आला होता. आता बस वस्तीबाहेर पडली, उन्हाची तिरीप बाकांवरून पुढे सरकत गेली, आणि पुढे बायकोच्या पांढऱ्या केसांवर जाऊन थांबली. लाज की भीती?

"खिडकी उघडू का?" मास्तर म्हणाले. "चेहरा उतरलाय तुमचा."

"नको, ठीक आहे."

मास्तर गणित शिकवायचे. आता ते गुडघ्यांवर टॉवेल पसरून संत्रं सोलत होते. मास्तरांचं पोट कधी साफ झालं आणि कधी नाही, हे मास्तरीणबाईंच्या आधी त्याला कळायचं. या बसमधल्या प्रत्येकाचं काही ना काही त्याला ठाऊक होतं. ते उजवीकडचे गृहस्थ, सारखे सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी करणारे, स्वतः मधुमेहाच्या गोळ्या चुकवायचे. शिट्टीवाले सेक्रेटरी, एवढे रुबाबदार, त्यांना वर्षभर उदासीवरचं औषध चालू होतं, बायको गेली तेव्हा. आज ते बसच्या मधल्या वाटेत उभे राहून, दोन्ही बाकांना धरून, जुनं गाणं म्हणत होते, सुरात बेसूर, आणि पुढून कोणीतरी त्यांना ठणकावलं, "सेक्रेटरी, ते कडवं नंतरचं! आधी हे!" आणि तो आवाज गाऊ लागला. खणखणीत, अजिबात न लाजणारा. सगळी बस टाळ्या वाजवू लागली. त्यानेही वाजवल्या, आणि दोन-चार टाळ्या झाल्यावर त्याला कळलं की हा आवाज बायकोचा आहे.

घरी ती गुणगुणायचीसुद्धा नाही. की गुणगुणायची, आणि तो घरी नसायचा? लग्नाच्या पहिल्या वर्षी ती भांडी घासताना काहीतरी म्हणायची खरी. मग लेक झाली, मग दुकानाला मागची खोली जोडली, मग त्याची आई अंथरुणाला खिळली. त्यात गाणं कुठे गेलं ते त्याला आठवेना. एखादी वस्तू घरात हरवावी, आणि ती हरवलीय हेही कळू नये. आता ती सापडत होती ती चालत्या बसमध्ये, परक्यांच्या टाळ्यांत. आणि ती गाते म्हणून त्याला बरं वाटायला हवं होतं. पण मन कसलं खट्याळ, ते म्हणालं, गोळीमुळे तर नव्हे? असतात तशाही गोळ्या. घेतल्या की माणूस मोकळा होतो, हसतो, गातो. त्याने स्वतः विकल्या होत्या.

वाटेत चहाला थांबले. बायको त्याच्याजवळ आली, गालांवर लाली. "धरा हो जरा," म्हणत तिने पर्स त्याच्या हातात दिली आणि नर्सबाईंबरोबर स्वच्छतागृहाकडे निघून गेली. तो पर्स धरून उभा राहिला. परक्याचं मूल कोणी हातात द्यावं तसा. पर्स उन्हाने तापलेली होती. आतल्या कप्प्याची चेन त्याला बाहेरूनही बोटांना लागत होती. आयुष्यभराचा नेम एकीकडे आणि ती चेन एकीकडे. तो एका मोटारीच्या आडोशाला गेला, आपण काय करतोय हे स्वतःलाही कळू नये इतक्या घाईने त्याने पर्स उघडली आणि आत बोटं घातली. चष्म्याचं घर. रुमाल, घडी करून. प्लॅस्टिकच्या चार-पाच रिकाम्या पिशव्या, एकीत एक घातलेल्या. एक लिंबू. पट्टी त्याच्या हाताला लागेना, आणि तेवढ्यात मास्तर म्हणाले, "काय हरवलं?"

"काही नाही. सुटे पैसे."

"मी देतो की," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी खरंच खिशातून नाणी काढली. ती घ्यावी लागली. कानशिलं तापलेली, एका हातात पर्स, दुसऱ्यात मास्तरांची नाणी, असा तो उभा असताना बायको आली आणि पर्स खांद्याला लावून म्हणाली, "चहा घेतला नाहीत?" इतक्या मायेने, की त्याला रडू येईल की काय असं वाटलं. लिंबू कशाला? पिशव्या कशाला? तो मनातल्या मनात एकेका आजारावर बोट ठेवत गेला, जसा पूर्वी फळीवरच्या डब्यांवरून बोट फिरवायचा. पोटाचं? पोटाचंच. पोटाची दुखणी मुकाट वाढतात. त्याच्या एका गिऱ्हाइकाचं असंच झालं होतं; उलट्यांवरची गोळी नेत राहिला, नेत राहिला, आणि मग एक दिवस त्याचा मुलगा उरलेल्या गोळ्या परत करायला आला.

बस पुन्हा डोंगर चढू लागली. वळणावळणाने दरी एकदा डावीकडे आली, एकदा उजवीकडे. पुढचं गाणं थांबलं होतं. बायको डोळे मिटून, मान मागे टेकून बसली होती, आणि नर्सबाईंचा हात तिच्या मनगटावर होता. नाडी बघतात, त्याला वाटलं. त्याला उठून पुढे जायचं होतं. गेला नाही. पुढे जाऊन काय विचारणार? तिने सांगितलं नाही याचा अर्थ तिला सांगायचं नाही, आणि न सांगितलेलं विचारायचं नाही हे तर तोच जगाला शिकवत आला होता. आपण घरातही काउंटरच्या पलीकडेच उभे होतो की काय, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पुढच्या वळणाने ते उडवून लावलं, पण ते पुन्हा येऊन बसलं.

तलाव मोठा होता. धरणाच्या भिंतीमागे पाणी डोंगरांत शिरत शिरत गेलं होतं, आणि काठाला पायाने चालवायच्या रंगीत होड्या बांधलेल्या होत्या. खाली उतरताच बायकोचा चेहरा उजळला. ती मास्तरीणबाईंना ओढत सरळ होड्यांकडे गेली. "येता का?" तिने वळून विचारलं, पण त्याचा होकार येण्याआधीच ती होडीत बसलीही होती, चपला काठावर काढून. तो आणि नर्सबाई तेवढे बाकावर उरले. नर्सबाईंना पाण्याची भीती. त्या कितीतरी वर्षं सरकारी इस्पितळात होत्या. त्यांच्यासमोर आडपडदा कशाला, असं त्याने स्वतःला समजावलं. घसा साफ केला.

"नर्सबाई, तिचं हे... कधीपासून आहे?"

नर्सबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे? तुम्हाला नाही सांगितलं?"

"मी विचारलं नाही."

"माझ्यासमोर पहिल्या ट्रिपपासून. तेव्हा तर फार झालं होतं बिचारीला. मीच धरून बसले होते. मला वाटलं, ही काही परत यायची नाही."

समोर होडी गोल गोल फिरत होती, दोघी बायका एकीकडेच पायडल मारत होत्या आणि हसत होत्या.

"आणि डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर कशाला? मीच सांगितली ती गोळी. तेव्हापासून बरंय. तरी मागच्या वेळी तीनदा थांबावं लागलं. ड्रायव्हर भला माणूस, तो आता विचारतसुद्धा नाही, तिने हात वर केला की गाडी कडेला. आज बघा, एकदाही नाही. गाणं म्हणत राहिलं की बरं वाटतं म्हणते. फक्त ती वळणं आली ना, की—"

"वळणं?"

"मग! वळणांवरच तर जास्त होतं." नर्सबाई थांबल्या. त्यांनी त्याचा चेहरा नीट पाहिला, रुग्णाचा पाहावा तसा. "अहो मेडिकलवाले, गाडी लागते तिला. तुम्हाला काय वाटलं?"

तो हसला. आधी नाकातून, मग तोंड उघडून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नर्सबाईही हसू लागल्या, पदर की रुमाल काहीतरी तोंडावर धरून, "अरे देवा, तुम्ही काय मनात आणलं होतं!" म्हणत. गाडी लागते. जगातलं सगळ्यात साधं दुखणं. काउंटरच्या अगदी पुढच्या बरणीत त्या गोळ्या असायच्या, चॉकलेटांच्या शेजारी. सुट्ट्यांत मुलांच्या आया रांग लावून न्यायच्या. मनातली भीती गेली. पण ती गेली त्या जागी हलकं वाटण्याऐवजी पोकळ वाटू लागलं. हसू ओसरलं तसं त्याला एकेक दिसत गेलं. नर्सबाईंना माहीत होतं. सेक्रेटरींना माहीत होतं, म्हणून तर पुढची जागा. मास्तरांना माहीत असणार. ड्रायव्हरला, ज्याचं तिच्याशी ना नातं ना गोतं, त्याला माहीत होतं. तिच्याबरोबर जन्म काढलेल्या एकट्या माणसाला माहीत नव्हतं, कारण तो तिला घेऊन कधी कुठे गेलाच नव्हता.

बायको परत आली तेव्हा तिचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते. नर्सबाई काहीतरी निमित्त काढून उठल्या. ती त्याच्या शेजारी बसली, पाय उन्हात लांब केले.

"गाडी लागते होय तुला?" तो म्हणाला.

तिने पायांवरचं पाणी हाताने निपटलं. "सांगितलं वाटतं बाईंनी."

"मला का नाही सांगितलंस? माझ्याकडे बरणी भरून असायच्या."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

तो विजारीवरची धूळ झटकू लागला.

"तुम्ही म्हणाला असता, त्रास होतो ना, मग जाऊ नकोस." ती रागाने म्हणत नव्हती. त्याचा आवाज काढून म्हणत होती, आणि आवाज हुबेहूब होता, काउंटरवरचा, समजूतदार. "काळजीनेच म्हणाला असता. आणि मी ऐकलं असतं. मग घरीच."

"तरी... आणली कुठून?"

"बाजारापलीकडून. त्या कोपऱ्यावरच्या."

"त्याच्याकडून?" तो ताडकन म्हणाला. "तो गोळ्या उन्हात ठेवतो!"

ती इतकी हसली की पलीकडचे दोघे-तिघे वळून बघू लागले. मग डोळे पुसत म्हणाली, "लग्न करून तुमच्या घरी आले ना, त्या बसमध्येही लागली होती. आठवतं? सगळी वाट रुमाल तोंडाशी धरून बसले होते."

आठवत कसं नाही? खिडकीशी ती, अंग चोरून, रुमाल तोंडावर दाबलेला, डोळे भरलेले. त्याला वाटलं होतं ही आईबापांच्या आठवणीने रडतेय. त्याचं काळीज पिळवटलं होतं. त्याने तिचा हात धरला नव्हता, परका माणूस रडताना उगाच कसा धरायचा म्हणून. पण मनात शपथ घेतली होती, हिला आता कधी रडू द्यायचं नाही, हिला घरातून हलायची पाळी येऊ द्यायची नाही. आणि ती शपथ त्याने पाळली होती. किती इमानाने पाळली होती! दुकान, घर, दुकान, घर. तिला काही कमी पडू दिलं नाही. माहेरची माणसंसुद्धा त्याने भाड्याची मोटार पाठवून तिच्याच दारात आणली. एका भलत्याच गोष्टीवर उभं राहिलेलं ते सगळं प्रेम त्याला आता त्या पाण्याकडे बघताना दिसलं. ते खोटं होतं असं त्याला म्हणवेना. पण तिला तेव्हा एक पिशवी हवी होती आणि कोणीतरी पाठीवर हात ठेवायला हवा होता, एवढंच.

"मला वाटलं तू रडतेयस," तो म्हणाला.

"रडतही होते की," ती म्हणाली. "दोन्ही." आणि उठून, त्याचा हात ओढत, "चला, होडीत बसायचं. मास्तरीणबाईंना एकीकडेच पाय मारता येतो, गोल गोल फिरवलं मला नुसतं. तुम्ही तरी सरळ चालवा."

त्यालाही सरळ चालवता आली नाही. ती ओरडत होती, "डावा! अहो, डावा!" आणि काठावरून सेक्रेटरी शिट्ट्या मारत होते. पाणी हिरवं, थंड होतं. एकदा त्याने हात बुडवून पाहिला. होडी आपल्याच मनाने भिंतीकडे निघाली तेव्हा होडीवाल्याला दोरी टाकून त्यांना ओढून आणावं लागलं, आणि मंडळाने त्यांचं टाळ्यांनी स्वागत केलं. ओल्या विजारीने तो काठावर चढला तेव्हा मास्तरांनी आपला टॉवेल त्याला दिला.

परतीला नर्सबाई न बोलता मागे मास्तरीणबाईंजवळ जाऊन बसल्या. तो पुढे, तिच्या शेजारी बसला. तिने गोळी घेतली; या वेळी पाण्याची बाटली त्याने उघडून दिली. डोंगर उतरताना तो काही बोलला नाही, तिच्या पाठीवर हात ठेवून समोरचा रस्ता बघत राहिला, आणि प्रत्येक वळण यायच्या आधी "डावीकडे," "आता उजवीकडे," असं हळूच सांगत गेला. एका वळणावर ती डोळे मिटूनच म्हणाली, "होडीत का नाही जमलं हे?" सपाटी आली, तेव्हा ती झोपली होती. आधी डोकं खिडकीला टेकलं होतं, मग एका खड्ड्याने ते त्याच्या खांद्यावर आलं आणि तिथेच राहिलं. केसांना उन्हाचा आणि तलावाचा वास होता. तोंड किंचित उघडं होतं. ती झोपेत घोरते हे त्याला माहीत होतं, तेवढं एक तरी.

वस्तीच्या कोपऱ्यावर बस थांबली तेव्हा दिवेलागण होत होती. सगळे एकेक करून उतरले. जाताना प्रत्येकाने आवाज खाली आणला, सेक्रेटरींनी तर शिट्टी खिशात टाकली. मास्तर टॉवेल मागायला वाकले आणि त्याच्या खांद्याकडे बघून, न मागताच गेले. बसमध्ये तिघंच उरले. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं, मग उठून मागे आला.

"उठवायचं का बाईंना?" तो कुजबुजला.

"तुम्हाला कुठे जायचंय आता?"

"डिझेल भरायचं, गाडी धुवायची. मग यार्डात लावायची. लांब आहे, काका, शहराच्या पार त्या टोकाला."

"वाटेत वळणं किती?"

"वळणं? एकही नाही. सरळ रस्ता."

"मग न्या," तो म्हणाला. "आम्ही येतो बरोबर. येताना रिक्षा करू."

ड्रायव्हर मान हलवून आपल्या जागेवर गेला. दार हवेचा सुस्कारा टाकत बंद झालं. बस त्यांच्या गल्लीवरून, विकलेल्या दुकानाच्या पाटीवरून, घराच्या अंधाऱ्या खिडकीवरून पुढे गेली. ती झोपेतच थोडी हलली, "आलं का घर?" म्हणाली.

"नाही अजून," तो म्हणाला. "झोप तू."